बुरुजाच्या डाव्या अंगाला

४ फेब्रुवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचल्याच्या खुणा दिसतात आणि पुढे काही नाही. म्हणून कागद घेतला. कागद उचलावा लागत नाही, दाराच्या फटीतून आपसूक आत येतो. वाचायचा की नाही ते तुझं तू ठरव.

काम एका ओळीचं आहे. बाबांना घेऊन मी तीन दिवस कुठेतरी जाणार आहे, आणि कुठे जावं हे तुला विचारायचं आहे. पण एवढंच लिहिलं तर तुला वाटेल, हिच्या मनात काहीतरी वेगळंच आहे. आणि ते आहेच.

बाबांचे डोळे जाताहेत. हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. "कणव आली म्हणून आलेला माणूस मला नको," म्हणाले. मी हो म्हटलं. हो म्हणून आता लिहितेय. त्याचा निवाडा मी डायरीत माझ्यापुरता करीन, तू त्यात पडू नकोस. डावा डोळा कधीचाच गेला, ते कुणाला कळलंसुद्धा नाही. उजव्यातून नळीतून बघावं तेवढंच दिसतं. समोरची वाटी दिसते, वाटीशेजारचा चमचा दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा उन्हाळा काढला तर नशीब समजा. काय बघायचं राहिलं असेल ते बघून घ्या, आजोबा." बाबा म्हणाले, "मघापासून तुम्हालाच बघतोय." त्या हसल्या. बाहेर आल्यावर मी औषधाच्या दुकानात उभी राहून दुकानदाराच्या तराजूच्या काट्याकडे बघत होते. काटा शून्यावर नव्हता. सवय जात नाही. एरवी मी हटकलं असतं, त्या दिवशी नाही हटकलं.

तर बघायचं काय राहिलं? दोन शहरं. दोन्ही जुनी, दोन्हींना इथून एका रात्रीची गाडी, पण एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. एक तटाचं शहर, ज्याचं मॉडेल बाबांनी संग्रहालयासाठी केलं आणि जिथे ते जन्मात गेलेले नाहीत. दुसरं तुझं. कमानींचा पूल, घड्याळाचा मनोरा, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. तिथे तू गेली कित्येक वर्षं शाळेत भूगोल शिकवतोस, आणि तिथेही ते गेलेले नाहीत.

दोन्ही होणार नाहीत. मला फेब्रुवारीअखेर तीनच दिवस रजा मिळतेय. मार्चपासून बाजारातले सगळे तराजू तपासून त्यांच्यावर शिक्के मारायचे असतात, तेव्हा साहेब कुणाला सोडत नाहीत. आणि बाबांना एकाहून जास्त प्रवास झेपेल असं मला वाटत नाही.

बाबांचं काही ठरत नाहीये. तू दोन्ही शहरं पाहिलेला घरातला एकटाच माणूस. तुझं मत कळव. नुसतं शहराचं नाव लिहिलंस तरी चालेल.

तुझी बहीण


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. पत्र पोचायला आठवडा लागतो असं धरून चालते.

काल बाबांना संग्रहालयात नेलं. त्यांचा हट्ट. "एकदा हात फिरवून येऊ." मॉडेल आता मोठ्या दालनात नाही, मागच्या अंगाला, कोठाराकडे जाणाऱ्या बोळकांडीत ठेवलंय. वर ट्यूबलाइट, तीही फडफडणारी. बाबांनी काचेला नाक लावलं तरी त्यांना त्यांच्या नळीतून एका वेळी एखादं छप्पर दिसत होतं. पहारेकऱ्याने हटकलं, काचेला हात लावू नका. मी म्हटलं, "हे यांनीच केलंय." तो बाबांकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "मग तर आणखीच लावू नका. फार धूळ आहे, वाईट वाटेल." पण काच सरकवून दिली त्याने.

मग बाबांनी डोळे मिटले. मुद्दाम. पहिली दोन बोटं मुख्य दरवाजात ठेवली आणि माणूस चालावा तशी ती चालवत आत नेली. "हा लोहारांचा बोळ. इथे दोन पायऱ्या, दुसरी जरा उंच. ही विहीर. विहिरीला वळसा. आता डावीकडे धान्याचं कोठार, त्याची भिंत खरबरीत केली होती, बघ, वाळू टाकून." मी बघत होते. एकदाही बोट अडलं नाही. पहारेकरी म्हणाला, "आजोबा, तुम्ही तिथे राहत होता का?" बाबा म्हणाले, "सहा वर्षं. भाडं नव्हतं."

तटाच्या कडेने ते मोठ्या बुरुजापाशी आले. बुरुजाच्या उजव्या अंगाला तो छोटा चोरदरवाजा आहे, आगपेटीच्या काडीएवढा. त्यावरून त्यांचं बोट गेलं. मग थांबलं, बुरुजाला वळसा घालून डाव्या अंगाला गेलं. तिथे दार नाही. तिथे सरसाचा डाग आहे, वाळून काचेसारखा झालेला. त्या डागावर बोट बराच वेळ होतं. म्हणाले, "हा तुझ्या दादाचा." एवढंच.

त्या दिवशीचं मला जे आठवतं ते इथे लिहून ठेवते. तुझी बाजू मी कधी विचारलीच नाही, तेव्हा चुकत असेन तर खोडून काढ. तू कॉलेजच्या पोरांबरोबर ते शहर बघून आलास आणि जेवताना म्हणालास, "बाबा, चोरदरवाजा बुरुजाच्या डाव्या अंगाला आहे. तुम्ही उजव्या अंगाला केलाय." बाबा म्हणाले, "नकाशात उजवीकडे आहे." तू म्हणालास, "मी त्यातून वाकून बाहेर पडलोय." बाबा म्हणाले, "मग तू उलटा उभा असशील." आम्ही हसलो. मी सगळ्यांत जास्त. तू ताट तसंच ठेवून उठलास. मग उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तू कार्यशाळेत जाऊन दार उपटलंस आणि डावीकडे चिकटवलंस. उद्घाटनाला पाहुणे मॉडेलभोवती उभे असताना बाबांना ते दिसलं. त्यांनी सगळ्यांदेखत नखाने दार काढलं, पुन्हा उजवीकडे बसवलं आणि म्हणाले, "माफ करा, आमच्या घरात एक अतिशहाणा आहे. त्याला नकाशा वाचता येत नाही, पण तो जगाला रस्ता दाखवायला निघालाय." लोक हसले. तू तिथेच होतास, खिडकीशी. त्या महिन्यात तू घर सोडलंस आणि पुढे भूगोल घेतलास. 

आई गेली तेव्हा तू आलास, दिवसभर अंगणात उभा राहिलास आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास. बाबा तेव्हा आत होते. तुमच्यात दाराएवढंच अंतर होतं.

शहराचं नाव तेवढं कळव.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की बाबांचं काही ठरत नाही. ते खरं नव्हतं. डॉक्टरीणबाईंकडून परत येताना रिक्षातच त्यांचं ठरलं होतं. मी दोन्ही शहरांची नावं घेतली आणि ते तत्काळ म्हणाले, "तटाच्या शहरात मी आंधळा होऊनही जाऊ शकतो. ते माझ्या हातात आहे. डोळे आहेत तोवर दुसरं बघू."

दुसरं म्हणजे काय बघू ते ते बोलले नाहीत. कमानींचा पूल बघायला माणूस एवढा उतावीळ होत नाही, हे मलाही कळतं.

मग मी ते तुझ्यापासून का लपवलं? स्वतःला विचारून बघितलं. सांगितलं असतं तर तुला नाही म्हणायला जागा उरली नसती. अर्धवट आंधळा बाप तुझ्या दाराशी येतो म्हणतोय, याला कोण नाही म्हणेल? आणि मला वाटत होतं, तू आपण होऊन बोलवावंस. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा कुठे जातो ते मला बघायचं होतं. धंद्याची खोड. आता वाटतं, यात तुझी काळजी कमी आणि माझा काटेकोरपणा जास्त होता.

बाबांनाही तेच हवंय. आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहे, न बोलावता कुणाकडे जायचं नाही. आईने मावशीकडे जाणं कायमचं सोडलं, का, तर बोलावणं मावशीने स्वतः न करता शेजारणीकडून पाठवलं. वेडेपणाच. पण मीही त्याच मुशीतली. बाबा रोज विचारतात, "मास्तरांचं काही आलं?" तुला मास्तर म्हणतात, गमतीने. मी म्हणते, "नाही अजून." ते म्हणतात, "परीक्षा असतील. पेपर तपासत असेल." मग मी म्हणते, "आपण सरळ जाऊन उभे राहू या का?" तर म्हणतात, "तराजूबाई, न बोलावता नाही."

साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवून मी रजा मार्चच्या मध्यावर ढकलून घेतली. आणखी थोडा वेळ मिळाला. तुला एकच अक्षर लिहायचंय: या. तेवढंच. आम्ही तुझ्याकडे उतरणारही नाही, लॉजवर राहू. तू पुलावर येऊन भेटलास तरी पुरे. सूर्य मागे नसेल अशा बाजूला उभा राहा, कारण उजेड समोरून आला तर बाबांना माणसाचा नुसता आकार दिसतो.

तुझी बहीण


२७ फेब्रुवारी

दादा,

तुझा मेसेज आला. आज दुपारी, मी भाजीबाजारात असताना. आधी भाजीची पिशवी बाजूला ठेवली, हात पुसले, मग उघडला.

"बाबांना तटाचं शहर दाखव. अजून दिसतंय तोवर."

खाली ना नाव, ना कशी आहेस. मी तो किती वेळा वाचला ते लिहीत नाही. "अजून दिसतंय तोवर" हे तू लिहायला नको होतंस. डोळ्यांचं मी तुला विश्वासाने कळवलं होतं, आणि तू ते उचलून परत माझ्याच अंगावर फेकलंस.

बाबांना खोटं सांगता आलं असतं. त्यांना वाचता येत नाही आता. पण मी जसाच्या तसा वाचून दाखवला. ते पलंगावर बसले होते, चष्मा पुसत होते. चष्म्याचा उपयोग नाही, तरी पुसतात. म्हणाले, "डोळ्यांचं कळवलंस तर." मी म्हटलं, "हो." म्हणाले, "बरं." चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "बोलावलं नाही त्याने. दुसरीकडे पाठवलं. बरोबर आहे, ज्याचं घर त्याची मर्जी." मी म्हटलं, "मग तटाच्या शहराची काढू तिकिटं?" "काढ."

इतकी वर्षं मनात ठेवायला तुझ्याकडे कारण आहे, हे मी कधी नाकारलं नाही. पण शहरंसुद्धा वाटून घ्यायची, हे तुझं, हे आमचं, इतक्या टोकाला तू गेला असशील असं वाटलं नव्हतं.

याचं उत्तर नको.


९ मार्च

दादा,

हे कळवणं कर्तव्य म्हणून. बाबांचा उजवा डोळाही गेला.

परवा सकाळी मी कामावर जायच्या तयारीत होते. बाबा टेबलाशी बसून चहा घेत होते. म्हणाले, "कपात काय पडलं गं? काळं?" मी बघितलं, कपात काही नव्हतं. म्हणाले, "आता बशीत पण आहे." मग टेबलावर. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "आता तुझ्यावर पण." आवाज अगदी साधा. डोळ्याच्या आत रक्त सांडलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी कधी ते आपोआप निवळतं, पण मागचा पडदा आधीच इतका खराब आहे की निवळलं तरी काय दिसेल ते सांगता येत नाही. बाहेर येऊन मी एकटीने पुन्हा विचारलं. म्हणाल्या, "आशा ठेवू नका."

म्हणजे मी रजा पुढे ढकलली नसती आणि फेब्रुवारीत कुठल्याही शहराची गाडी पकडली असती, तर त्यांना काहीतरी दिसलं असतं. तू आठवडाभर आधी लिहिलं असतंस तर. त्यांनी न बोलावता जायचं मनावर घेतलं असतं तर. तिघांनी मिळून तो डोळा वाट बघण्यात घालवला. कुणाच्या वाट्याला किती येतं ते मी तोलून बघत होते, मग सोडून दिलं. या मापाची वजनं माझ्याकडे नाहीत.

तिकिटं रद्द करायला निघाले तर बाबा म्हणाले, "का?"

मी पर्स खांद्यावरून उतरवली.

म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, त्या शहरात आंधळा होऊनही जाईन. थट्टा नव्हती केली. चल. फक्त तू मधे मधे 'सांभाळा, सांभाळा' करायचं नाही."

तुला हे कळवून मला तुझ्याकडून काही नको आहे. तुझ्या मेसेजमधलं "तोवर" संपलं, एवढंच.


१६ मार्च, तटाच्या शहरातून

दादा,

लॉजच्या खोलीत टेबल नाही म्हणून मांडीवर उशी घेऊन लिहितेय. दुपार आहे. बाबा पलीकडच्या पलंगावर आडवे झालेत, झोपलेत की नाही कळत नाही. आधी डोळे मिटले की कळायचं, आता ते जागेपणीही मिटलेले असतात.

तुझ्यावर रागावून मागच्या दोन पत्रांत जे लिहिलं ते बाजूला ठेव. आज सकाळी काय झालं ते सांगते, अगदी झालं तसं.

काल पोचलो तेव्हा त्यांना दम लागला होता. आज उन्हं चढायच्या आत निघालो. मुख्य दरवाजात मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला आणि माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा भिंतीला. "आता तू गप्प. मी सांगतो." आणि खरंच सांगत गेले. लोहारांच्या बोळात आता मोबाइलच्या दुकानांची रांग आहे, पण दोन पायऱ्या आहेत आणि दुसरी जरा उंच आहे. विहिरीवर जाळी टाकलीय. बाबांनी जाळीवर तळवा ठेवला, गारवा वर येत होता. म्हणाले, "मॉडेलमध्ये मी इथे काळा रंग दिला होता. गारवा कसा देणार?" कोठाराची भिंत खरबरीत निघाली, तेव्हा तर लहान मुलासारखे हसले. "वाळू टाकली होती मी! वाळू!" एक बाई थांबून बघायला लागली. बाबा तिच्या दिशेने म्हणाले, "बाई, हे कोठार मी बांधलंय." ती मला हळूच म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय का हो?" मी म्हटलं, "नाही हो, खरंच बांधलंय."

दादा, इतकं आनंदी मी त्यांना आई होती तेव्हाही फार कमी बघितलंय. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठी आलो होतो, आता परत फिरू. खरं म्हणजे मला पुढचं नको होतं. तट जवळ येत होता.

मोठ्या बुरुजापाशी आल्यावर त्यांनी माझा खांदा सोडला. दोन्ही हात भिंतीला लावले आणि उजव्या अंगाने निघाले. मला समोर सगळं दिसत होतं. मी बोलले नाही. त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं म्हणून नव्हे. मला बोलवेना. उजवीकडे सरळ दगड होता. ते हाताने दगड चाचपत गेले, मग परत आले, मग खाली वाकून चाचपत गेले. चोरदरवाजा ठेंगणा असतो ना. दगडांच्या सांध्यांत बोटं घालून बघितली. म्हणाले, "भरून घेतला असेल नंतर. बघ, कुठे वेगळा दगड दिसतो का. चुना नवा असेल." मी जवळ जाऊन खरोखर बघितलं. कामात बघते तसं, मनापासून. वेगळा दगड नव्हता. एकसंध जुनी भिंत. मी म्हटलं, "नाही बाबा. इथे कधीच नव्हता."

ते उभे राहिले. गुडघ्यांना माती लागली होती, ती झटकायला गेले तर हात भलतीकडे गेला. मग बुरुजाला हात लावून वळसा घालायला लागले. हळूहळू. मी मागे. डाव्या अंगाला दहाएक पावलं गेल्यावर त्यांचा हात भिंतीवरून एकदम आत गेला. तोल गेला. मी धरलं.

दार होतं. तू म्हणाला होतास तसंच, वाकून जायचं. पलीकडून वारा येत होता.

बाबांनी चौकटीवर हात फिरवला. वरचा दगड, दोन्ही बाजू, उंबरा. उंबरा मधे झिजलाय, तिथे त्यांची बोटं कितीतरी वेळ होती. मग ते उंबऱ्यावर बसले. मीही बसले, दोघांना जागा कशीबशी पुरली. म्हणाले, "तो यातून वाकून बाहेर पडला होता. मी त्याला म्हटलं, तू उलटा उभा असशील."

मी म्हटलं, "मीही हसले होते."

"तुम्ही हसणारच. मी सांगत होतो ना." मग म्हणाले, "नकाशा काढणारा चुकला. माणूस चुकतो. मी जाऊन बघायला हवं होतं, एका रात्रीची गाडी. इतकी वर्षं होती ती गाडी."  आणि मग: "तराजूबाई, त्याने काय लिहिलं होतं? पुन्हा वाच."

फोन काढून मी वाचलं. बाबांना तटाचं शहर दाखव. अजून दिसतंय तोवर.

तिथे, त्या उंबऱ्यावर, वाचताना मला पहिल्यांदा ते ऐकू आलं. तू आम्हाला दुसरीकडे पाठवत नव्हतास. तुला वाटत होतं, डोळे आहेत तोवर त्यांनी हे दार बघावं. तुझ्या घरी येण्याआधी त्यांनी इथून यावं. असंच ना? की आता मीच सोयीचा अर्थ लावतेय? मागे वाईट अर्थ लावला तेव्हाही मला तितकीच खात्री होती, म्हणून विचारते.

बाबांना मात्र शंका नव्हती. म्हणाले, "बोलावलं होतं की त्याने. इथे बोलावलं होतं. आपल्याला कळलं नाही."

तुझा नंबर लावू का, मी विचारलं. म्हणाले, "काय सांगणार? दार सापडलं म्हणून? त्याला ठाऊक आहे दार कुठे आहे." मग स्वतःच म्हणाले, "लिही. पत्रात लिही. मोकळ्या वेळात वाचेल."

म्हणून लिहितेय. दार डाव्या अंगाला आहे.

परत येताना ते चुकायला लागले. विहीर आलीय असं समजून भलत्याच ओट्यापाशी वळले. पायरी नाही तिथे पाय उचलला. ते शहर त्यांच्या हातात होतं, बुरुजापाशी कुठेतरी सांडलं. मला "सांभाळा" म्हणावं लागलं आणि त्यांनी म्हणू दिलं.

उद्या निघायचं. स्टेशनवर चौकशी केली, इथून तुझ्या शहराला सरळ गाडी आहे, दुपारची. रजा वाढवून मिळणार नाही, पण मी बघून घेतलं असतं. खोलीवर येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिथलं मला काही पाठ नाही. त्या शहराचं मॉडेल मी केलेलं नाही. तिथे मी नुसता आंधळा." मी म्हटलं, "दादा असेल ना."  ते नको म्हणाले नाहीत. आणि बोलावण्याचा विषय काढला नाही, पहिल्यांदाच. उद्या कुठली गाडी धरायची ते मला अजून ठरवता येत नाही. हे पत्र तर तुला आठवड्याने मिळेल, तेव्हा तुझ्यावर ते टाकणंही खरं नाही.

मी त्यांच्या पायांवर चादर घातली आणि लिहायला बसले, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "त्याचे केस पांढरे झाले असतील का गं?"

दादा, मला माहीत नाही. आईच्या वेळी तू अंगणात उभा होतास, तेव्हा सगळे काळे होते. त्यानंतर मी तुला बघितलेलंच नाही. जे मी स्वतः तपासलेलं नाही त्यावर मी शिक्का मारत नाही, आजवर मारलेला नाही.

मी म्हटलं, "थोडे. कानांजवळ."

ते "अच्छा" म्हणाले, आणि हात उचलून स्वतःच्या कानाजवळचे केस चाचपून बघितले.

मी बरोबर सांगितलं का, तेवढं कळव.

तुझी बहीण